मानवतचे आकडे

पुणे, १० मार्च १९८६

ती. मामांस सुमंगलाचा साष्टांग नमस्कार.

परभणीच्या एसटीत एक पार्सल चढवलं आहे, ते मानवतच्या स्टँडवरून आणवून घ्या. मामीच्या पत्रात होतं की निवृत्तीनंतर तुमचा वेळ जात नाही, म्हणून तुम्ही तिच्या तुरीच्या डाळीतले खडे मोजून काढता आणि रोजचा आकडा तिला ऐकवता. तेव्हा तिच्यावर दया म्हणून तुमच्याकडे एक काम काढलं आहे.

गेली चार वर्षं मी कंपनीच्या प्रयोगशाळेत काय करते हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला अर्धवट सांगते. आज नीट सांगते. 'क' जीवनसत्त्व फार हळवं असतं. हवा लागली, ऊन लागलं, लोखंडाचा अंश लागला की ते संपतं. त्याच्या ज्या जागी हवा घाला घालते, त्या जागी मी फॉस्फेटचं कुलूप घालायचा प्रयत्न करते आहे. कुलूप असेपर्यंत ते निजून राहतं. पोटात गेलं की आपल्या शरीरातली द्रव्यंच ते कुलूप उघडतात आणि जीवनसत्त्व मोकळं होतं. पुस्तकात हे जमतं. आता ते अंगणवाडीच्या पिठात जमतं का ते पाहायचं आहे, कारण त्या पिठात गूळ असतो, लोहाची पूड असते, आणि अंगणवाड्या बहुतेक पत्र्याच्या असतात.

पार्सलमध्ये पिठाचे दोन डबे आहेत. लाल चिठ्ठीच्या डब्यात साधं 'क', निळ्या चिठ्ठीच्या डब्यात माझं. तुमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवा आणि जुलैपर्यंत हलवू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक चमचा काढून शाळेत आम्हाला शिकवलं तसंच आयोडिन आणि पिष्टाचं टायट्रेशन करायचं; निळा रंग जितक्या उशिरा येईल तितकं 'क' जास्त उरलेलं. निळ्या डब्यातलं पीठ आधी सौम्य आम्लात उकळून घ्या, नाहीतर कुलूप उघडत नाही आणि आयोडिनला ते दादच देत नाही. आज दोन्ही डबे शंभर धरले आहेत.

हे काम दुसऱ्या कोणाकडे देता आलं असतं. पण नववीत मी लंबक न हलवताच त्याचे आकडे लिहिले होते, तेव्हा तुम्ही स्वतःच्या भाचीला सगळ्या वर्गापुढे उभं करून ते आकडे मोठ्यानं वाचायला लावले होते. तेव्हापासून आकडा म्हटला की मला तुम्हीच आठवता.

मामीला नमस्कार.

तुमची
सुमंगला

---

मानवत, १८ मार्च १९८६

चि. सुमंगलास अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. एसटीच्या टपावर त्याच्या शेजारी कोंबड्यांची पाटी होती, त्यामुळे बाहेरचा कागद पाहवत नव्हता. डबे मात्र शाबूत आहेत.

शाळेत जाऊन दोन ब्युरेट, एक तराजू आणि स्पिरिटचा दिवा सही करून आणला. हेडमास्तर माझेच विद्यार्थी. 'सर, आता तरी आराम करा,' म्हणाले. आराम कसा करतात हे कोणी शिकवलं असतं तर केलाही असता.

आपलं घर तुला माहीतच आहे. पुढचं धाब्याचं, मातीनं गार. मागची खोली पत्र्याची, दुपारी तिच्यात मांजरही जात नाही. तिथं फळी ठोकली, डबे मांडले, खिडकीत बाहेरूनच वाचता येईल असा थर्मामीटर टांगला. आजच दुपारी चाळीस झालं. तुझी मामी दारात उभी राहून बघत होती.

'काय आहे डब्यांत?'

म्हटलं, 'लेकरांसाठी औषधी पीठ. सुमंगलानं केलंय.'

'मग असं उन्हात कशाला तापवायलाय?'

मी तिला प्रयोगाचा हेतू सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. चाळीस वर्षांत तिनं माझा कुठलाही हेतू असाच ऐकून घेतला आहे.

लंबकाची गोष्ट तू अजून धरून बसली आहेस. मला त्या रात्री झोप लागली नव्हती हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझा
मामा

---

मानवत, ४ मे १९८६

चि. सुमंगलास आशीर्वाद.

आज पहिला रविवार. आकडे असे: लाल डबा ८१, निळा डबा ९५. एप्रिलचे तुला कळवलेच आहेत. प्रत्येक आकडा तीन टायट्रेशनांची सरासरी आहे. काल दुपारी पत्र्याच्या खोलीत ४६ अंश. सकाळी नमुना घेताना दोन्ही डबे फळीवर, आपापल्या जागी होते.

लाल डबा मी समजत होतो त्यापेक्षा धीट निघाला. तुझा निळा तर जागचा हललाच नाही म्हणायचा. पिष्टाचा निळा रंग पहिल्या थेंबाला येतो की पंधराव्या, यासाठी जीव असा टांगणीला लागावा, हे या वयात शोभत नाही. पण लागतो खरा. ब्युरेटच्या तोटीवर हात ठेवला की मला पुन्हा चाळिशीत असल्यासारखं वाटतं.

तू हे काम मला दिलंस याचं बरं वाटलं. तोंडावर बोललो नसतो, म्हणून लिहितो.

तुझा
मामा

---

पुणे, १४ मे १९८६

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्यानंच वाचलं आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते म्हणाले, 'हे मास्तर कोण? यांचा कागद आमच्या लोकांच्या कागदापेक्षा स्वच्छ आहे.' मी म्हटलं, माझे मामा. तुम्ही म्हणाल शोभत नाही, पण मी दिवसभर मिरवत होते.

लाल डबा इतका टिकला याचं मलाही नवल वाटलं. पिठात लोह असताना साधं 'क' मे महिन्यात पन्नासाच्या खाली यायला हवं होतं. मग वाटलं, मानवतची हवा कोरडी, म्हणून तगलं असेल. इथल्या भट्टीत ठेवलेले नमुने जरा वेगळं सांगतात, पण ती भट्टी जुनी आहे, तिचा काटा कधी खरं बोलतो कधी नाही. उन्हाळा पाहायचा तर खऱ्या उन्हाळ्यातच पाहावा.

जुलैचे आकडेही असेच आले तर जिंतूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांत हे पीठ देण्याचा प्रस्ताव पुढे जाईल. मामा, चार वर्षांत माझं एकही काम प्रयोगशाळेच्या दाराबाहेर गेलेलं नाही. हे जाईल असं वाटतंय.

तुमची
सुमंगला

---

मानवत, ९ जुलै १९८६

चि. सुमंगलास आशीर्वाद.

लाल ७०. निळा ९१.

मामीला तापानं आठ दिवस झोपवलं होतं, आता घरात हिंडते. मीच स्वयंपाक केला. कसा झाला ते तिलाच विचार.

माझं मत विचारशील तर एका उन्हाळ्यावर विसंबू नये. दुसरे डबे पाठव, आणखी एक वर्ष पाहू. शास्त्रात घाई करू नये एवढंच माझं म्हणणं.

तुझा
मामा

---

पुणे, २ ऑक्टोबर १९८६

ती. मामांस सा. न.

प्रस्ताव मंजूर झाला. डिसेंबरपासून जिंतूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांना आमच्या 'क'चं पीठ जाणार. तुमच्या ओळखीचं बोरीही त्यात आहे. प्रत्येक पोत्याबरोबर एक छापील कागद जातो, त्यावरचा मजकूर मी लिहिला: 'रोज एक वाटी पीठ, दोन आवळ्यांचं बळ.' साहेबांना इतका आवडला की पोत्यावरही छापायला सांगितला.

तुम्ही दुसरा उन्हाळा पाहू म्हणालात. मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मास्तरांना लेकरू म्हणजे पुढच्या वर्गात जाणारं माहीत, इथं लेकरं आजच उपाशी आहेत. मी तिथंच प्रस्तावावर सही केली. खरं सांगायचं तर मलाही थांबायचं नव्हतं.

मला हाताखाली दोन माणसं दिली आहेत आणि स्वतंत्र खोली. अहवालाच्या पहिल्या पानावर आभार छापले आहेत: 'श्री. विष्णुपंत, निवृत्त विज्ञानशिक्षक, मानवत, यांच्या काटेकोर निरीक्षणांशिवाय हे काम झाले नसते.' एक प्रत पाठवते आहे. मामीला वाचून दाखवा.

तुमची
सुमंगला

---

मानवत, २१ डिसेंबर १९८६

चि. सुमंगलास आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले. आधी खोकला होता. मग विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांत चार दिवस एसटी बंद होती, टपालही अडकलं. मग शाळेच्या संमेलनाला बोलावलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत, पण उत्तर न लिहिण्याचं कारण त्यांत नाही.

अहवालातून माझं नाव काढता आलं तर काढ. आता छापून झालं असेल, तरी पुढच्या प्रतींत नको. मामीला ते पान वाचून दाखवलेलं नाही.

यंदा पाऊस अर्ध्यावर गेला. पुढचा उन्हाळा वाईट जाणार. पिठाचे नमुने उन्हाळ्यात तपासायची कंपनीची काही व्यवस्था आहे का? नसेल तर करवून घे. हे मी आग्रहानं लिहितो आहे.

तुझा
मामा

---

पुणे, ५ जानेवारी १९८७

ती. मामांस सा. न.

तुमचं नाव काढणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाई ओतलीत, आता एकदा स्वतःचं नाव छापलेलं सहन करा. विनय हा गुण आहे हे तुम्हीच शिकवलंत, पण त्यालाही मर्यादा असते.

उन्हाळ्यातल्या तपासणीचं साहेबांच्या कानावर घालते. मार्चअखेरीची कामं संपू द्या.

मामीसाठी तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. खोकल्याला जपा.

तुमची
सुमंगला

---

मानवत, १७ मे १९८७

चि. सुमंगला,

हे पत्र दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा फाडणार नाही.

गेल्या सोमवारी मी बोरीला गेलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं. परभणीला गाडी बदलून दुपारी बाराला उतरलो. अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, कोपऱ्यात पोती, पोत्यांवर तुझा मजकूर. अंगणवाडीच्या सरजाबाई साधी भली बाई आहे. मी पीठ कसं चालतं म्हणून विचारलं. म्हणाली, 'पीठ चांगलं हाय गुरुजी. पर ह्या पंचफुलाचं काय व्हायलंय कळंना.'

पंचफुला तीन वर्षांची आहे. भिंतीशी पाठ टेकून बसली होती, पाय पोटाशी ओढून बेडकासारखे पसरलेले. मी पायाला हात लावला तर ती किंचाळली. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, दातांच्या मुळाशी रक्त. दवाखान्यात वाताचं इंजेक्शन दिलं होतं. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं आठवीला हा धडा शिकवला आहे. जहाजावरच्या खलाशांचा धडा. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी काय होतं, हे पाठ करून घेताना मी त्याची मजा म्हणून नक्कल करून दाखवत असे.

तिची आई कडूबाई दुष्काळी कामावर खडी फोडते. संध्याकाळी आली. मी विचारलं, पोरीला भाजीपाला काय देता? म्हणाली, 'दारात शेवगा हाय. आधी त्याचाच पाला घालत व्हते. पर बाईनं सांगितलं ह्या पिठात आवळ्याचं समदं हाय. मंग म्या पाला बाजारात इकायला लागले.' मग म्हणाली, 'गुर्जी, पोरगी चालंना. मला वाटलं, कामावर यायचं टाळती, आडून बसती. म्या लय हानलं तिला. पायावरच हानलं.'

मी पिशवीतून 'क'च्या गोळ्या काढून दिल्या; परभणीतून घेऊनच गेलो होतो. म्हणजे घरून निघतानाच मला भीती होती, हे तू समजून घे. रोज किती द्यायच्या ते सरजाबाईला लिहून दिलं आणि शेवग्याचा पाला पुन्हा सुरू करायला सांगितलं. एक ओंजळ पीठ कागदात बांधून आणलं. घरी टायट्रेशन केलं, तीनदा. शंभरातले नऊ उरले आहेत.

आता कारण लिहितो.

तुझ्या मामीनं ते डबे पत्र्याखाली राहूच दिले नव्हते. आपल्या घरात उन्हाळा लागला की लोणचं, काढे, चूर्ण, जे नासण्यासारखं असेल ते गव्हाच्या कणगीत पुरून ठेवायची रीत आहे. तू लहान असताना तुझी खोकल्याची बाटलीही तिथंच असायची. तुझं औषध उन्हात जळतंय हे तिला बघवलं नाही. नमुन्याच्या रविवारी मी अंघोळीला गेलो की ती डबे काढून, पुसून फळीवर ठेवायची, आणि दुपारी परत कणगीत. माझे आकडे खरे होते, सुमंगला. पण ते पत्र्याखालचे नव्हते, गव्हातले होते. लाल डबा का तगला ते आता कळलं असेल.

मला हे जुलैत कळलं. ती तापानं पडली होती, दळणाला गहू काढायला मी कणगीत हात घातला आणि हाताला डबा लागला. तेव्हाच तुला तार करायला हवी होती. तुझा प्रस्ताव जायचा होता, मामीला कळलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती, अशी कारणं मी स्वतःला दिली. आणखी एक कारण होतं: जन्मभर ज्यानं दुसऱ्यांचे आकडे तपासले त्याच्या घरातच आकडे नासले, हे लिहायला हात धजला नाही. म्हणून 'दुसरा उन्हाळा पाहू' एवढंच लिहिलं आणि स्वतःला प्रामाणिक समजलो.

आधी ते पीठ थांबव. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

मामीला यातलं काही माहीत नाही. अजून तरी सांगू नकोस.

मामा

---

पुणे, २९ मे १९८७

ती. मामांस सा. न.

पीठ थांबवलं. बावीस तारखेलाच जिंतूरला तार गेली आणि मी स्वतः अधिकाऱ्यांना भेटून लेखी दिलं. 'क'च्या गोळ्यांची खोकी प्रत्येक अंगणवाडीकडे निघाली आहेत. पंचफुलासारखी आणखी किती, ते अजून कळलेलं नाही.

मामा, तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत. ते घेऊ नका, कारण ते सगळं तुमचं नाही.

गेल्या वर्षी मेमध्ये मी लिहिलं होतं की भट्टी जुनी आहे. ती जुनी नव्हती. जानेवारीतच नवी घेतलेली होती. तिच्यात पंचेचाळीस अंशांवर आठ आठवड्यांत माझं 'क' अडतीसवर आलं होतं. कारणही मला कळत होतं: गुळाची ओल आणि उष्णता मिळून कुलूप आपोआप उघडतं, आणि उघडलं की लोह त्याला गिळून टाकतं. माझ्यापुढे दोन कागद होते. एकावर भट्टीचा अडतीस, दुसऱ्यावर तुमचा पंचाण्णव. मी भट्टीचा कागद खणात ठेवला आणि तुमचा साहेबांकडे नेला. तुम्ही कधी चुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुमच्या नावाआड मी लपले. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, 'मामा, डबे खरंच तिथं होते का?' एका पोस्टकार्डाचं काम होतं. विचारलं नाही, कारण उत्तर कदाचित नको तसं आलं असतं.

आणि तो पोत्यावरचा मजकूर माझा. कडूबाईनं शेवग्याचा पाला विकला तो माझ्या शब्दावर. तिनं लेकराला मारलं तेही. मी गेले सात दिवस जेवायला बसते आणि उठते.

भट्टीचा कागद मी साहेबांना दिला. माझ्याकडची माणसं आणि खोली काढून घेतली आहे. नोकरी तूर्त आहे. त्याचं मला दुःख नाही, उलट त्यानं जरा बरं वाटलं.

काम मात्र सोडवत नाही. चूक 'क'ची नाही, आमची आहे. मार्चपासून मी त्याच 'क'चा मॅग्नेशियमचा क्षार करून पाहते आहे, आणि लोहाची पूड वेगळ्या पुडीत द्यायची असं ठरवलं आहे. भट्टीत दहा आठवडे झाले, अजून नव्वदच्या वर आहे. पण यावेळी भट्टीवर भागवायचं नाही, पत्र्याखाली दोन उन्हाळे काढायचे. डबे तुमच्याकडेच पाठवू का? मामीला सांगून टाकू, कणगीला कुलूप लावू. जुलैपर्यंत तुम्हाला काही माहीत नव्हतं. कळलं तेव्हा घाबरलात, पण शेवटी स्वतः बोरीला जाऊन आपल्याच हातानं नऊचा आकडा काढलात. त्या माणसावर माझा अजूनही सगळ्यांत जास्त विश्वास आहे.

पंचफुला कशी आहे, ते आधी कळवा.

तुमची
सुमंगला

---

मानवत, १४ जून १९८७

चि. सुमंगलास आशीर्वाद.

पंचफुला उभी राहते. गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तिनं पाय सरळ केला, नवव्या दिवशी भिंत धरून उभी राहिली. परवा मी गेलो तेव्हा अंगणवाडीच्या उंबऱ्यापासून पाण्याच्या माठापर्यंत चालत गेली आणि मला पाहून सरळ सरजाबाईच्या मागे लपली. हिरड्यांवरची सूज गेली. सरजाबाईनं सांगितलं की बोरीत आणखी दोन लेकरांचे पाय दुखत होते, त्यांनाही उतार आहे.

मी मुद्दाम कडूबाईला भेटायला गेलो होतो. तिला सांगायचं होतं की पोरगी आडून बसत नव्हती, पीठ बिघडलेलं होतं, आणि ते पीठ माझ्या नि माझ्या भाचीच्या चुकीनं तिच्या घरात आलं होतं. कामावरच गाठली. खडीच्या ढिगाजवळ उभं राहून मी सगळं सांगितलं, डब्यांचं, कणगीचं, भट्टीचंही. तिला समजेल तसं, पण काही न वगळता. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. खरं सांगू, द्याव्यात असं वाटत होतं.

तिनं ऐकून घेतलं. हातोडी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, 'पीठ तुमचं आसंल, गुर्जी. हात तर माझाच व्हता की.'

मी म्हटलं, 'तुला माहीत नव्हतं ना?'

'न्हवतं. पर ती रडायली व्हती ते तर दिसत व्हतं. दुसरी आसती तर ईचारलं आसतं, का गं रडती. म्या ईचारलंच न्हाई.' मग तिनं मलाच बसायला दगड दिला, कारण मी उन्हात उभा होतो.

मी तिचा भार उतरवायला गेलो होतो. तिनं तो मला दिला नाही. परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही, परभणीपर्यंत उभाच होतो. बरं झालं.

घरी आल्यावर मामीला सांगितलं. सगळं, तिच्या डब्यांसकट. ती चुलीपुढं बसली. रडली. मग म्हणाली, 'मी काही चोरून केलं नव्हतं हो. तुम्ही एकदा जरी विचारलं असतं, डबे कुठे आहेत, तर सांगितलं असतं. तुम्ही कधी विचारलंच नाही.' आता ती बोरीला यायचं म्हणते. काय घेऊन जावं ते तिला सुचत नाही, मलाही.

तुझ्या नव्या क्षाराचं वाचून बरं वाटलं. लोह वेगळं द्यायची कल्पना योग्य आहे, आणि दोन उन्हाळे काढायचा निश्चयही. ते काम सोडू नकोस. आपल्यामुळे ज्या लेकरांचे पाय दुखले त्यांच्यासाठी तरी ते पुरं झालं पाहिजे. परभणीच्या कृषी विद्यापीठात विचार. तिथं माणसं आहेत, उपकरणं आहेत, आणि ते तुला मामा म्हणत नाहीत.

माझ्याकडे डबे पाठवू नकोस.

तू लिहिलंस, जुलैपर्यंत मला काही माहीत नव्हतं. ते मीच तुला तसं लिहिलं होतं. जुलैत कणगीत हात घातला हे खरं आहे. पण कडूबाईनं तिच्याकडचं काहीच लपवलं नाही, त्यानंतर मला हे एवढं ठेवून घेता येत नाही.

गेल्या वर्षीची चार मे. सकाळी दहाची वेळ, पत्र्याच्या खोलीत थर्मामीटर एकेचाळीस दाखवत होता, माझा सदरा पाठीला चिकटला होता. दिवा पेटवण्याआधी मी निळा डबा फळीवरून उचलला. तो गार होता. मी तो दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभा राहिलो. मामी स्वयंपाकघरात होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी डबा खाली ठेवला, चमचाभर पीठ काढलं, आणि तुला पंचाण्णव लिहिले.

तुझा
मामा